उचल घेतलेली जाग : नीरा कालव्याच्या काठावर चहा आणि कॅफीन

१/
बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की ‘उचल’ हा शब्द जागोजागी कानावर पडतो. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे उचल. पैसा आधी हातात येतो, तो अंगमेहनतीने नंतर फेडायचा असतो. याच मुलखात दिवसातून चार-सहा वेळा आणखी एक उचल घेतली जाते आणि तिची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. ती असते चहाच्या कपातली. तिच्यातून मिळते ती जाग. ही जाग येथे कशी आली आणि तिची फेड कोण करते, त्याचा हा इतिहास.

२/
चहातील जागे ठेवणारे द्रव्य म्हणजे कॅफीन. जगात सर्वाधिक वापरले जाणारे उत्तेजक तेच. ते टपरीवरच्या चहात असते, डोकेदुखीच्या अनेक गोळ्यांत असते आणि शीतपेटीतल्या रंगीत डब्यांतही असते. त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. आज ते इतके घरचे झाले आहे की ते पूर्वापार चालत आले असावे असे वाटते. प्रत्यक्षात दीडशे वर्षांपूर्वी भीमा-नीरेच्या खोऱ्यातील शेतकऱ्याच्या घरी चहाचे भांडे नव्हते. होती ती भाकरी, ताक, अंबील आणि सावकाराची वही.

३/
त्या वहीपासूनच सुरुवात करावी लागते. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला आणि कर्जरोखे व हिशेबाच्या वह्या जाळल्या. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. इतिहासात हा उठाव ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखला जातो. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. आधी घेतलेले नंतर किती पटींनी फेडावे लागते, हे या मुलखाने पुस्तकात वाचून शिकलेले नाही.

४/
दंग्याला वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. नीरा डाव्या कालव्याचे काम दुष्काळी काम म्हणून सुरू झाले. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी मजुराचा दिवसाचा शिधा सुमारे एक पौंड धान्याच्या किमतीवर आणला. मुंबई इलाख्यात अनेक ठिकाणी मजुरांनी त्या मजुरीवर काम करण्यास नकार दिला आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. कमीत कमी किती अन्नावर माणसाकडून काम करून घेता येते, हा प्रश्न या भागात तेव्हा सरकारी पातळीवर विचारला गेला. चहाच्या इतिहासात तो पुन्हा भेटतो.

५/
१८८५ च्या सुमारास कालव्याला पाणी आले. भाटघरच्या धरणाने येळवंडी नदी अडवली गेली आणि वीरजवळच्या बंधाऱ्यापासून निघालेला पाट पुरंदर, बारामती, इंदापूर असा पूर्वेकडे वाहू लागला. ज्या जमिनीवर बाजरी आणि ज्वारी पावसाच्या भरवशावर होती, तिथे बारमाही पाणी दिसू लागले. पाण्यामागून ऊस आला, उसामागून गुऱ्हाळे आली आणि बारामतीची पेठ गुळासाठी नावारूपाला आली. चहाला लागणाऱ्या तीन वस्तूंपैकी गोडी अशी दारात आली. पत्ती मात्र अजून दूर आसामात होती.

६/
त्याच काळात पुण्यात चहा वेगळ्याच कारणाने गाजत होता. ४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. निमंत्रितांत महादेव गोविंद रानडे आणि बाळ गंगाधर टिळक होते. तिथे चहा-बिस्किटे दिली गेली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ या पत्रात छापवून आणली आणि शहरात गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते सांगितली गेली. मराठी समाजातील चहावरचा हा सर्वांत गाजलेला वाद.

७/
या वादात एक गोष्ट लक्षात येते. चहा कोणाच्या हातचा, कोणाच्या घरचा, कोणाच्या पंक्तीला बसून घेतला, यावर रकानेच्या रकाने भरले. कपात काय आहे आणि ते शरीरात काय करते, हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारला नाही. विटाळाची चर्चा संपली तेव्हा चहाला अडवणारे दुसरे काही उरले नाही. पुढे तर तो उपासालाही चालू लागला. धर्मशास्त्रात त्याचे नावच नव्हते, त्यामुळे त्याला मनाई करणारा आधारही कोणाच्या हाती नव्हता.

८/
कपात काय आहे याचे उत्तर युरोपात त्याआधीच सापडले होते. १८१९ मध्ये फ्रीडलीब रुंगे या तरुण जर्मन रसायनज्ञाने कॉफीच्या बियांतून कॅफीन वेगळे केले. त्या बिया त्याला कवी ग्योटेने दिल्या होत्या. पुढे चहातही तेच द्रव्य असल्याचे सिद्ध झाले. १८९५ मध्ये एमिल फिशर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. म्हणजे पुण्यात प्रायश्चित्ताची भवती न भवती चालू होती, त्याच दशकात कॅफीन झाडाच्या पानापासून सुटे होऊन कारखान्यात बनू शकणारे औषध झाले होते. गोळीत चहा घालण्याची वाट तिथून निघाली.

९/
भारतात चहा पिकत होता तो प्रामुख्याने परदेशी पाठवण्यासाठी. १९०३ मध्ये मळेवाल्यांच्याच मागणीवरून चहा उपकर कायदा झाला. निर्यातीवर उपकर बसवून त्या पैशातून चहाचा प्रसार करायचा, अशी ती योजना होती. १९३० च्या दशकातील मंदीत परदेशी भाव कोसळले, तेव्हा मळेवाल्यांनी देशातल्या गिऱ्हाइकाकडे खऱ्या अर्थाने लक्ष वळवले. फुकट कप, पैशाला मिळणाऱ्या पुड्या, घरोघरी जाऊन दाखवलेली प्रात्यक्षिके, रेल्वे स्थानकांवर चहा कसा करावा हे सांगणाऱ्या लोखंडी पाट्या. चहाची तलफ मागून आली, आधी तिची पेरणी झाली.

१०/
याच दशकात आसामात सी.टी.सी. यंत्र तयार झाले. पान चिरडून, फाडून आणि वळून त्याचे बारीक दाणे करणारे हे यंत्र स्वातंत्र्यानंतर सर्वत्र पसरले. दाणेदार पत्तीला रंग लवकर सुटतो, कॅफीनही झपाट्याने उतरते, आणि थोड्या पत्तीत दूध-साखरेचा कडक चहा पुष्कळ कपांना पुरतो. किंमत कमी, चव दणदणीत. टपरीवरचा उकळता चहा या यंत्रामुळे गरिबाला परवडू लागला. बारामती-इंदापूरच्या बाजारगावांत पत्ती पोहोचली ती याच स्वस्त रूपात.

११/
गोडीही बदलत होती. १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि त्याच दशकात इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने साखर कारखाना उभारला. ते गाव पुढे वालचंदनगर झाले. कारखान्याबरोबर भोंगा आला, भोंग्याबरोबर पाळ्या आल्या. गळीत हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो, कारण तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातील साखर घटत जाते. यंत्राला झोप नसते. त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला ती यायची, आणि ती थोपवणारे पेय त्याच आवारात दहा पावलांवर मिळू लागले.

१२/
स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले. सभासदांना सवलतीच्या दरात साखर मिळू लागली आणि घराघरांत साखरेची पोती दिसू लागली. पुढे संकरित गाई आल्या, दूध संकलन केंद्रे आली, दूध हे रोकडीचे साधन झाले. गोडी, दूध आणि स्वस्त पत्ती, तिन्ही एका ठिकाणी आली. पाहुणा आला की गूळपाणी देण्याची रीत मागे पडली आणि ‘चहा टाका’ हे आतिथ्याचे पहिले वाक्य झाले.

१३/
चहाविरुद्ध आरोग्याच्या भूमिकेतून उठलेला एक मोठा आवाज पुण्यातच शब्दबद्ध झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये अटक झाल्यावर महात्मा गांधींना आगाखान पॅलेसमध्ये ठेवले होते. त्याच वर्षी ऑगस्ट ते डिसेंबर या काळात त्यांनी आरोग्यावरील आपले छोटे पुस्तक लिहिले. त्यात चहा, कॉफी आणि कोको यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. शरीराला यांपैकी कशाचीही गरज नाही, चहातून काही लाभ होत असेल तर तो दुधा-साखरेचा, आणि उकळलेल्या चहातील टॅनिन पचनाला बाधक, असे त्यांचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल.

१४/
गांधींचा रोख टॅनिनवर होता. कातडे कमावण्यासाठी वापरले जाणारे द्रव्य पोटात जाऊ नये, हा त्यांचा तर्क आजच्या शास्त्रात जसाच्या तसा टिकत नाही. चहातील द्रव्याने जठराचे कातडे होत नाही. परंतु टॅनिनच्या कुळातील ही द्रव्ये अन्नातील एका महत्त्वाच्या घटकाला बांधून टाकतात, हे पुढे सिद्ध झाले. संशय योग्य ठिकाणी होता, कारण चुकले होते. तो घटक कोणता, हे पुढे येईल. त्याआधी कॅफीन नेमके काय करते हे पाहायला हवे.

१५/
जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. ते आपल्या ठरावीक जागांवर जाऊन बसले की मरगळ येते, डोळे जड होतात. विश्रांतीची वेळ झाल्याची ती सूचना असते. कॅफीनची घडण ॲडिनोसिनशी मिळतीजुळती आहे. ते त्या जागा अडवते, पण मरगळ आणत नाही. १९७० आणि १९८० च्या दशकांतील संशोधनाने हे स्पष्ट केले. थकवा त्यामुळे नाहीसा होत नाही, त्याची वर्दी तेवढी अडते. ॲडिनोसिन साठतच राहते आणि कॅफीन ओसरले की एकदम जाणवते. उचलीचा हिशेब येथे तंतोतंत जुळतो.

१६/
ही उचल किती वेळ टिकते? निरोगी प्रौढाच्या शरीरातील निम्मे कॅफीन बाहेर पडायला सरासरी पाच तास लागतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत ते लवकर जाते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत मात्र त्याला पंधरा तासही लागू शकतात. २०१३ च्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी सहा तास घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीननेही झोप तासाभराहून अधिक घटल्याचे दिसले. संध्याकाळचा चहा रात्री झोपेत वाटेकरी होतो, आणि सकाळी त्या अपुऱ्या झोपेवर उपाय म्हणून पुन्हा चहाच घेतला जातो.

१७/
नीरेच्या काठावर रात्रीचे काम ही चैन किंवा अपवाद नाही. पाण्याची पाळी रात्री आली तर रात्रीच दारे धरावी लागतात. शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत मिळते. ऊसतोड टोळ्या पहाटेच्या अंधारात फडात उतरतात आणि भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रभर कारखान्याच्या रांगेत उभ्या असतात. अशा वेळी एक कप चहा खरोखर उपयोगी पडतो. सावधपणा, प्रतिक्रियेचा वेग आणि लक्ष कॅफीनने सुधारते, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. परंतु सलग दोन-तीन रात्री जागलेल्या चालकाला ते झोपेची जागा भरून देत नाही. क्षणभराची डुलकी ते थांबवीलच, याची हमी नसते.

१८/
टेंपलच्या शिध्याचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. गोड चहाने पोटाला ऊब मिळते, साखरेने क्षणभर तरतरी येते, कॅफीनने भूक थोडा वेळ मागे सरते. म्हणून तो न्याहारीच्या जागी बसतो. पहाटे चुलीवर भाकरी थापायला वेळ नसलेल्या बाईला चहा-बटर किंवा चहा-खारी हा सोपा तोडगा वाटतो. पण दोन चमचे साखर आणि घोटभर दूध यांतून कोयता चालवण्याइतके अन्न मिळत नाही. दुष्काळात कमी अन्नावर काम करून घेण्यासाठी हुकूम काढावा लागला होता. चहाच्या काळात त्याची गरज पडली नाही.

१९/
आता गांधींच्या संशयाकडे. १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी जेवणाबरोबर चहा दिल्यास अन्नातील लोहाचे शोषण बरेच घटते, हे माणसांवरील प्रयोगांतून दाखवले. हा परिणाम कॅफीनचा नाही, चहातील पॉलिफेनॉल द्रव्यांचा आहे. ती धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतील लोहाला बांधतात. मांसातील लोहावर त्यांचा परिणाम कमी होतो. म्हणून सर्वांत मोठा फटका बसतो तो भाकरी-भाजीवर जगणाऱ्यांना. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत, चहा हे त्यांतले एक आणि सहज टाळता येणारे.

२०/
दुधाच्या धंद्याची एक बाजू येथे सांगायला हवी. दूध विकले की पैसे येतात, म्हणून अनेक घरांत ते केंद्रावर जाते आणि घरात उरते ते चहापुरते. ज्याच्या दावणीला गाय, त्याच्याच पोराच्या हातात बशीभर चहा, हे दृश्य या भागात अनोळखी नाही. मुलासाठी ही दुहेरी हानी आहे. दुधाची प्रथिने आणि कॅल्शियम गेले, वर लोह अडवणारे पेय आले. गाय नसलेल्या मजुराच्या पालावर तर कोरा चहाच असतो. शेजारचा गवती चहा मात्र नावापुरताच चहा आहे. ते सुगंधी गवत असून त्यात कॅफीन नसते.

२१/
साखरेचा हिशेब सोपा आहे. एका कपात दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम. दिवसाचे सहा कप म्हणजे ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली आणि शक्य तर ५ टक्क्यांखाली, म्हणजे साधारण २५ ग्रॅमपर्यंत, ठेवण्याचा सल्ला दिला. नुसत्या चहातूनच ही हद्द ओलांडली जाते. फडात दिवसभर घाम गाळणाऱ्याला ती साखर कदाचित पचून जाईल. पण फडातून उठून कचेरीत, दुकानात किंवा ट्रॅक्टरच्या आसनावर बसलेल्या पुढच्या पिढीने कपांची संख्या तीच ठेवली, आणि मधुमेहाला वाट मिळाली.

२२/
रोजचा चहा एखाद्या दिवशी चुकला की डोके ठणकते. हा निव्वळ मनाचा खेळ नाही. शरीर कॅफीनला सरावलेले असते. ते बंद झाल्यावर साधारण १२ ते २४ तासांत डोकेदुखी, मरगळ आणि चिडचिड सुरू होते, आणि काही दिवसांत आपोआप ओसरते. परंतु तेवढा धीर कोणी धरत नाही. एक तर चहा घेतला जातो किंवा गोळी. आणि कॅफीनचे दुसरे रूप नेमके त्या गोळीत दडलेले असते.

२३/
एकेकाळी सरकारी दवाखान्यांत ‘ए.पी.सी.’ नावाची गोळी सर्रास मिळत असे : ॲस्पिरिन, फेनॅसिटिन आणि कॅफीन. अशाच मिश्रणाची कथा स्वीडनमधील हुस्कवार्ना या कारखान्याच्या गावी घडली. १९१८ च्या इन्फ्लुएंझात तेथील एका डॉक्टरने फेनॅसिटिन व कॅफीन असलेली पूड देण्यास सुरुवात केली. साथ गेली, पूड राहिली. कामाचा उरक वाढतो म्हणून कामगार ती रोज घेऊ लागले आणि काही दशकांनी मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागले. अपराधी फेनॅसिटिन होते. पण पूड पुन्हा पुन्हा घ्यावीशी वाटण्यामागे कॅफीनचा हात असावा, असा संशय अनेक संशोधकांनी घेतला. भारतातही पुढे फेनॅसिटिनवर बंदी आली.

२४/
आजच्या गोळ्यांत फेनॅसिटिन नाही, कॅफीन आहे. सॅरिडॉनच्या एका गोळीत पॅरासिटामॉल व प्रॉपिफेनॅझोनबरोबर ५० मिलिग्रॅम कॅफीन असते. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात हे मिश्रण होते. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विक्रीस तात्पुरती मुभा दिली आणि पुढे ते बंदीतून वगळले गेले. वेदनाशामकात १०० मिलिग्रॅम किंवा अधिक कॅफीन असल्यास शंभरांत पाच ते दहा अधिक रुग्णांना आराम पडतो, हे खरे आहे. पण अशा मिश्र गोळ्या महिन्यात दहा किंवा अधिक दिवस, महिनोन्‌महिने घेतल्या तर गोळीच डोकेदुखीचे कारण बनते. भारतीय कायद्यात ‘चिठ्ठीविना मिळणारी औषधे’ असा स्वतंत्र वर्गच नाही. व्यवहारात मात्र गोळी मागितली की मिळते.

२५/
कॅफीनला सरसकट विष ठरवणेही चूक ठरेल. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास झोपेत मध्येच थांबतो. त्यांच्यासाठी कॅफीन सायट्रेट हे नवजात अतिदक्षता विभागातील महत्त्वाचे औषध आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचे नाव आहे. २००६ पासून प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत २,००६ बाळांचा अभ्यास झाला. कॅफीन मिळालेल्या बाळांत फुप्फुसाचा दीर्घ आजार कमी आढळला आणि दीड-पावणेदोन वर्षांच्या वयापर्यंत अपंगत्वाविना जगण्याचे प्रमाण सुधारले. पालावरच्या पोराला नको असलेले द्रव्य काचेच्या पेटीतल्या बाळाला श्वास देते. फरक मात्रेचा, वेळेचा आणि देणाऱ्याच्या ज्ञानाचा आहे.

२६/
दुसरा उपयोग दरवर्षी आषाढात याच रस्त्याने चालत जातो. तुकोबारायांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, इंदापूर अशी पंढरीकडे जाते. काटेवाडीला मेंढ्यांचे आणि बेलवाडीला गोल रिंगण होते आणि वाटेवर ठिकठिकाणी वारकऱ्यांना चहा दिला जातो. दीर्घ श्रमात कॅफीनने दम टिकतो, हे क्रीडाशास्त्राने मान्य केले आहे. २००४ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने त्याला प्रतिबंधित यादीतून वगळले. वारीत मात्र चहाबरोबर भाकरी-पिठले असते, पाणी असते आणि रात्रीचा मुक्काम असतो. चहा तेथे विश्रांतीच्या आणि अन्नाच्या जोडीला येतो.

२७/
मर्यादा किती? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅफीन नको, असे म्हटले आहे. चहाच्या एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम, १५० मिलिलिटर उकळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम असते. जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळावी, हाही सल्ला त्यातच आहे. गरोदर स्त्रीसाठी युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेची मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे. धडधड, हातांना कंप, अस्वस्थता, आम्लपित्त आणि निद्रानाश ही मात्रा ओलांडल्याची लक्षणे. शुद्ध कॅफीनची पूड तर याहून फार घातक : तिचे पाच-दहा ग्रॅम जीवघेणे ठरू शकतात.

२८/
सर्वांत नवे रूप डब्यात आले आहे. भारतात अशा ऊर्जापेयांत लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीनची मुभा आहे आणि ते मुलांसाठी योग्य नसल्याची सूचना वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. २५० मिलिलिटरच्या डब्यात ७५ मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन येऊ शकते. मुलांसाठी युरोपीय मर्यादा वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम धरली, तर ३० किलोच्या मुलाची दिवसाची हद्द ९० मिलिग्रॅम होते. एका डब्यात ती जवळजवळ भरते. जुलै २०२४ मध्ये शाळांपासून ५०० मीटरच्या परिसरात अशा पेयांच्या विक्रीवर बंदी घालण्याचे राज्य सरकारने विधान परिषदेत जाहीर केले. चहाची सवय मंदीने लावली होती, ही सवय जाहिरात लावते आहे.

२९/
सुप्याच्या शेतकऱ्यांची तक्रार कर्ज घेतल्याची नव्हती. वहीत काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते आणि फेड कधी संपते ते कळत नव्हते, ही त्यांची तक्रार होती. कॅफीनची वही आता वाचता येते. त्यातील नोंदी साध्या आहेत : जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर, मुलांना चहाऐवजी दूध, गरोदरपणी कमी कप, दुपारनंतर आवरता हात, साखर निम्मी, डोकेदुखीच्या गोळीवर छापलेली घटकद्रव्ये वाचण्याची सवय.

३०/
पण एक नोंद घराबाहेरची आहे. रात्रीच्या विजेवर दारे धरणारा शेतकरी, ट्रॉलीच्या रांगेत जागणारा चालक आणि पहाटे उपाशीपोटी फडात उतरणारी बाई यांना चहा कमी प्या म्हणून सांगणे सोपे आहे. त्यांना लागते ती दिवसाची वीज, रांगेजवळ पाठ टेकायला जागा आणि कामाआधी पोटभर न्याहारी. ते मिळेपर्यंत नीरेच्या काठावर जाग उचलीनेच घेतली जाईल आणि तिची फेड झोपेतून व रक्तातून होत राहील.